रांगोळीतलं संस्कृत

माझ्या नोकरीतला बराचसा भाग केरसुणीनं झाडून नेला. ही तक्रार नव्हे. माझ्या बरोबरीच्या शिक्षिकांनी आयुष्यभराच्या पाठांची टाचणं ट्रंकेत जपून ठेवली आहेत. सणावाराला त्या ती काढून नातवंडांना दाखवतात आणि नातवंडं बिचारी माना डोलावतात. माझ्या नातवंडांची तेवढी सुटका झाली आहे. मी शिकवलेलं सगळं आमचा शिपाई मल्लप्पा रोज सकाळी सुपलीत भरून मागच्या अंगणात टाकून येत असे, आणि दुपारी आम्ही पुन्हा नवं मांडत असू.

मी सोलापुरात मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवत होते. एकोणीसशे तीसच्या सुमाराचे ते दिवस. शाळा शुक्रवार पेठेच्या तोंडाशी एका भाड्याच्या इमारतीत भरायची. भिंतीला खिळा ठोकला की खिळ्याबरोबर पोपडाही हातात यायचा, म्हणून आम्ही नकाशेसुद्धा जमिनीवर पसरून शिकवत असू. फळा एकच, आणि तो गणिताच्या बाईंनी कायमचा अडवलेला. जमीन मात्र शहाबादी फरशीची होती, गुळगुळीत आणि भर एप्रिलातही गार. चांगलं म्हणावं असं त्या इमारतीत तेवढंच होतं.

संस्कृत शिकवण्याचा धंदा ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या वेळी शब्दाचा अर्थ म्हणजे दुसरा शब्द. मला शिकवणारे शास्त्रीबुवा एका शब्दाचा अर्थ दुसऱ्यात सांगत, दुसऱ्याचा तिसऱ्यात, आणि फिरून पहिल्यावर आले की तपकीर ओढत. मीही सुरुवातीला तेच केलं. वरच्या वर्गाला एक जुनं संस्कृत नाटक नेमलेलं होतं. नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं की माझ्या वयाचे निम्मे वाचक हातातलं मासिक खाली ठेवून श्लोक म्हणायला लागतील. राजा, राणी, उपवन, विदूषक, सगळा सरंजाम त्यात होता, आणि पानोपानी अशा वस्तू की ज्यांतली एकही सोलापूरच्या बाजारात मिळत नव्हती.

एके दिवशी मी कुसुमला विचारलं, वातायन म्हणजे काय? कुसुम भिक्षुकाच्या घरची, पाठांतरात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. ती म्हणाली, गवाक्ष. मी विचारलं, गवाक्ष म्हणजे? ती म्हणाली, वातायन. यात काही चुकलं असं तिला वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नसतं. पण मागं भागीरथी बसली होती. ही मंद्रूपची, घरी मेंढरं आणि कोरडवाहू जमीन. शिकण्यासाठी म्हणून इथं मावशीकडं राहिलेली. तिनं उठून विचारलं, "बाई, पर ते असतंय कुटं?"

मी खिडकीकडं बोट दाखवलं. ती खिडकीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ही तर खिडकीच हाय की." सगळा वर्ग हसला. हसणाऱ्यांत कुसुमच सगळ्यांत मोठ्यानं हसली, कारण तिलाही ते त्याच वेळी कळलं होतं. मला मात्र हसता येईना. वर्षभर मी या मुलींच्या डोक्यात शब्द भरत होते आणि त्यांतल्या एकाही शब्दाच्या मागं वस्तू नव्हती.

आमच्या शाळेत दर शुक्रवारी प्रार्थनेआधी वरच्या वर्गातल्या मुली दारात रांगोळीची सरस्वती काढत. त्या शुक्रवारी रांगोळीची वाटी उरली होती. मी ती कुसुमच्या हातात दिली आणि म्हटलं, काढ वातायन. मुलगी घरी रोज अंगणभर रांगोळी घालणारी, पण शब्दाची रांगोळी म्हटल्यावर तिची चिमूट हवेतच राहिली. शेवटी भागीरथीनं पुढं होऊन खिडकी काढली, तिला गज काढले, आणि गजांतून आत बघणारी एक शेळीही काढली. नाटकात शेळी नव्हती. पण त्यानंतर वातायन हा शब्द वर्गात कुणी विसरलं नाही.

मग आमचा नेमच झाला. प्रत्येकीला एक शब्द द्यायचा. तिनं तो फरशीवर काढायचा, खाली नाव लिहायचं नाही, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखलं की मग नाव लिहायचं आणि तो शब्द ज्या वाक्यात आला असेल ते वाक्य म्हणायचं. रांगोळी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहायची, म्हणजे मधल्या सुट्टीत, शाळा सुटताना, येताजाता मुली शब्दांच्या कडेकडेनं पाय ठेवत चालायच्या. रांगोळीवर पाय द्यायचा नाही हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळं माझ्या मुली दिवसभर खाली बघून चालत आणि ज्याच्याकडं बघत त्याचं नाव आपोआप मनात म्हणत. याहून जास्त मी काही केलं नाही. ज्या चार पुस्तकांत पुढं अशाच पद्धतीची मोठमोठी नावं वाचली, त्यांच्या लेखकांना बहुतेक फरशी मिळाली नसावी.

झाडण्याचं काम मल्लप्पाचं. तो अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा, तोंडानं कडक आणि मनानं अगदीच नव्हे. त्याचा एक रिवाज होता. फरशीवर कुठं देवाचं चित्र असेल तर त्याला तो केरसुणी लावायचा नाही. खाली बसून दोन्ही हातांनी ती रांगोळी गोळा करायचा आणि मागच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवायचा. सरस्वती असो, गणपती असो, हातानंच. राजा, प्रधान, हत्ती, रथ यांची मात्र तो गय करत नसे. एकदा मुलींनी राजाला मोठा मुकुट काढला होता, तर हा देव आहे की माणूस, हे तो मला दारातून विचारून गेला. माणूस आहे म्हटल्यावर त्यानं एका फटकाऱ्यात राज्य खालसा केलं.

गमती पुष्कळ झाल्या. सिंहासन आलं तेव्हा भागीरथीनं चार पायांची भक्कम बाज काढली आणि दोन्ही बाजूंना दोन झुबकेदार कुत्री बसवली. मी म्हटलं, अगं, हे सिंह आहेत का? ती म्हणाली, "सिंव्ह म्या कुटं बगितलाय बाई? आमचं मेंढराजवळचं कुत्रं बगितलंय. त्येलाच आयाळ लावली." मी ते सिंहासन मान्य केलं. विदूषक कुसुमनं काढला, आणि ती चित्रकलेत कच्ची असल्यामुळं तिनं ओळखीच्या माणसाचा आधार घेतला. पगडी, उपरणं आणि पुढं आलेलं पोट. कुणाचा आधार घेतला होता ते सगळ्यांनी ओळखलं आणि कुणीच बोललं नाही. तो पुढं या गोष्टीत येणारच आहे.

रंग आले ते नरसम्मामुळं. नरसम्मा भवानी पेठेतली, विणकरांच्या घरची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि दखनी, शाळेत माझं संस्कृत. मुलीनं चारही भाषांना कधी कुरकुर केली नाही. तिच्या गल्लीतून हायस्कुलात आलेली ती पहिलीच मुलगी. तिच्या शेजारी सूत रंगवणारे होते. तिथून ती उरलेला रंग पुडीत बांधून आणायची आणि रांगोळीत मिसळायची. असा लाल आणि असा हिरवा मी कुणाच्या अंगणात पाहिला नव्हता. पण तो सुताचा रंग, पक्का. राजाचं छत्र झाडलं तरी गेलं नाही, पुसलं तरी गेलं नाही, उलट ओल्या फडक्यानं ते जास्त खुललं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, पांढऱ्या पातळानं त्यावरून गेल्या आणि लाल काठ घेऊन परत आल्या. ते छत्र दिवाळीपर्यंत फरशीवर होतं आणि त्याखालून गणिताच्या बाई रोज जात.

मोठ्या बाईंचं पातळ ही बातमी गावभर झाली आणि ती तात्यासाहेबांपर्यंत पोचली. तात्यासाहेब आमची शाळा चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त वकील, सोवळ्याओवळ्याचे पक्के, आणि संस्कृतचे खरोखरीचे रसिक. ते नाटक त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ होतं. नेमकं म्हणूनच त्यात काय काय आहे हे त्यांना माहीत होतं. मुलींच्या हातात ते पडणार म्हटल्यावर त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या प्रती घरी नेल्या आणि शृंगाराच्या श्लोकांवर स्वतःच्या हातानं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. चिकटवायला घरची कणकेची खळ वापरली. पावसाळ्यात झुरळांनी ती खळ खाल्ली आणि सगळे श्लोक पुन्हा उघडे पडले. हे तात्यासाहेबांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

गद्यातले अवघड शब्द झाकता येण्यासारखे नव्हते, तर त्यांचे अर्थ त्यांनी मला समोर बसवून तोंडी ठरवून दिले होते. मदन म्हणजे एक देव. प्रणय म्हणजे नम्रपणा. आणि अभिसारिका? अभिसारिका म्हणजे रात्रीच्या काळोखात लपतछपत प्रियकराला भेटायला निघालेली नायिका, हे मला माहीत होतं आणि त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अंधाराला न भिता घराबाहेर पडणारी स्त्री. यापुढं एक अक्षर नको, बाई."

मी एक अक्षर पुढं गेले नाही. नोकरी होती.

पण पातळाच्या बातमीनंतर तात्यासाहेबांनी मंडळात विषय काढला. पोरी वर्गात बसून शिकण्याऐवजी फरशीवर चित्रं काढतात. असलं संस्कृत शिकवण्यापेक्षा त्या तासाला शिवण ठेवावं. मंडळातल्या बाकीच्यांना शिवणाबद्दल फार आदर होता. मोठ्या बाईंनी रदबदली करून एवढं पदरात पाडलं की तात्यासाहेबांनी येत्या शनिवारी स्वतः वर्ग पाहावा. मुलींना शब्द येत असतील तर संस्कृत राहील, नसतील तर शिवण.

वाचणाऱ्याला वाटेल, राहिलं काय आणि गेलं काय. पण मॅट्रिकला दुसरी भाषा लागायची आणि आमच्याकडं दुसरी भाषा म्हणजे संस्कृतच होतं. संस्कृत गेलं की मॅट्रिक गेलं. कुसुमनं घरी बसून परीक्षा दिली असती, तिचे वडीलच शास्त्री. भागीरथीचं काय झालं असतं सांगता येत नाही. नरसम्माचं मात्र अगदी स्पष्ट होतं. तिच्या वडिलांनी मला आधीच बजावलं होतं की पोरगी मॅट्रिक होणार असेल तर शिकू दे. नुसतं शिवणच शिकायचं असेल तर घरी मागावर सुताच्या कांड्या भरायला माणूस कमी आहे. तिची आई गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात जायची, आणि पोरीच्या हातात कांडी येऊ नये म्हणून ती घरी नवऱ्याशी रोज वाद घालायची, हे मला नरसम्मानंच सांगितलं होतं. म्हणजे त्या शनिवारी परीक्षा मुलींची होती, पण शाळा जाणार होती ती एकट्या नरसम्माची. मला फार भीती वाटत होती.

मुलींनी ठरवलं की सगळं नाटक फरशीवर मांडायचं. भिंतीपासून भिंतीपर्यंत. शनिवारी सकाळी त्या लवकर आल्या आणि मी फाटकाशी तात्यासाहेबांची वाट बघत उभी राहिले. इथं एक चूक झाली. सारवणारी बाई नेहमी आतल्या भिंतीपासून सुरू करते आणि सारवत सारवत दाराकडं येते. हे या मुलींना जन्मापासून ठाऊक. पण कुसुमला वाटलं, पाहुणे दारातून येणार, तर त्यांना दारातच पहिला अंक दिसला पाहिजे आणि शेवटचा अंक शेवटी. तिनं दारापासून सुरुवात केली. सगळ्या मुली काढत काढत मागं सरकत गेल्या, आणि शेवटचा शब्द झाला तेव्हा सगळ्यांच्या पाठी मागच्या भिंतीला लागल्या होत्या. समोर सगळं नाटक, त्यापलीकडं दार, आणि मध्ये पाऊल ठेवायला बोटभर जागा नाही.

मी तात्यासाहेबांना घेऊन दाराशी आले. त्यांनी जोडे काढले, उजवा पाय उचलला आणि तो तसाच मागं घेतला. वाट कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. पलीकडून कुसुम अगदी रडवेल्या आवाजात म्हणाली की वाट राहिली नाही. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मल्लप्पा तत्पर माणूस; तो केरसुणी घेऊन पुढं झाला आणि म्हणाला, मधनं एक वाट काढून देतो. मधनं म्हणजे सगळ्या अंकांवरून. मुलींच्या तोंडून एकदम हुंदका आला.

तात्यासाहेबांनी हात आडवा केला. ते म्हणाले, "थांब रे. घातलेली रांगोळी मी कधी मोडली नाही. खुर्ची आण बाहेर."

म्हणून ती परीक्षा उंबऱ्याच्या बाहेरून झाली. अध्यक्ष खुर्चीवर बाहेर, मुली आत भिंतीला टेकून, आणि मध्ये फरशीभर संस्कृत. जवळच्या चित्रांकडं ते काठीनं दाखवत, काठी फरशीला न लावता, आणि मुली शब्द सांगत. शब्द आला की ते वाक्य अर्धं म्हणत आणि मुली पुरं करत. पहिल्या अंकापर्यंत त्यांचा चेहरा कोर्टातला होता. सिंहासनाशी आल्यावर त्यांनी विचारलं, ही कुत्री कशाला? भागीरथीनं जसं मला सांगितलं होतं तसंच त्यांना सांगितलं, आणि तात्यासाहेब उपरणं तोंडाला लावून बराच वेळ हलत राहिले. विदूषकाशी काठी थांबली. ते विदूषकाकडं बघत राहिले, मग स्वतःच्या पोटाकडं बघितलं आणि काही न विचारता पुढच्या चित्राकडं वळले.

शेवटच्या अंकापर्यंत त्यांची नजर नीट पोचत नव्हती. तिथं मागच्या खिडकीखाली, अगदी कोपऱ्यात, नरसम्मानं कोळशाच्या पुडीचा काळाकुट्ट चौकोन भरला होता आणि त्यात पांढऱ्या रांगोळीनं एक बाई काढली होती. डोक्यावरून पदर, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा. तात्यासाहेबांनी चष्मा पुढं ओढला आणि विचारलं, ती कोण?

"अभिसारिका," नरसम्मा म्हणाली.

मोठ्या बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं.

"हातात कंदील कशाला?"

"अंधार असतोय की. पहाटंचा भोंगा व्हायच्या आत गेटावर पोचावं लागतंय. न्हाईतर गेट बंद करतेत."

"कोण पोचतं?"

"आमची अम्मा."

 तात्यासाहेबांनी जरा खाकरून विचारलं की अभिसारिका या शब्दाचा अर्थ तुला काय सांगितला आहे. नरसम्मानं हात बांधले आणि एका दमात म्हणून दाखवलं: अंधाराला न भिता घराबाहेर पडणारी स्त्री. आणि प्रामाणिक मुलगी असल्यामुळं पुढं जोडलं, "हा अर्थ तात्यासाहेबांनीच दिलाय, असं बाई बोलल्या."

आता चित्र चूक होतं. कोशाप्रमाणं, टीकेप्रमाणं, रसिकांच्या हजार वर्षांच्या समजुतीप्रमाणं ते सपशेल चूक होतं. तात्यासाहेबांनी तेवढं म्हणायचा अवकाश, की संस्कृत गेलं. पण चूक म्हणायचं तर बरोबर काय ते सांगावं लागलं असतं, उंबऱ्यावर बसून, मुलींच्या देखत, मोठ्या बाईंच्या देखत, मल्लप्पाच्या देखत. मला वाटलं, आता हे वकीलसाहेब कुठली पळवाट काढतात ते बघू. भीती होतीच, पण खोटं कशाला बोलू, मला थोडी गंमतही वाटत होती.

त्यांनी पळवाट काढली नाही. त्यांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला, आणि त्या काळ्या चौकोनाकडं बघत म्हणाले, "बरोबर आहे. अर्थ मीच दिला होता. देताना मला एवढं दिसलं नव्हतं."

माझी गंमत तिथंच संपली. या माणसाच्या खळीला आणि पट्ट्यांना मी वर्षभर हसत होते, पण त्या घटकेला मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटला आणि तो पुढं कायम राहिला.

शेरा लिहायला टेबल आणि दौत दोन्ही आत, भिंतीशी, म्हणजे शेवटच्या अंकापलीकडं. मुलींनी दौत-टाक खिडकीतून बाहेर दिले, मल्लप्पा ओणवा झाला आणि अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर कागद ठेवून शेरा लिहिला. संस्कृत पूर्ववत चालू ठेवावं, मुलींना शब्दांचं ज्ञान उत्तम आहे. आणि त्याखाली वेगळ्या ओळीत, मुलींनी यापुढं रांगोळी आतून दाराकडं काढत यावं.

ते गेल्यावर नरसम्मानं नेमाप्रमाणं आपल्या चित्राखाली नाव लिहिलं, आणि मग मुलींच्या लक्षात आलं की आपण अजून आतच आहोत. मग सगळ्याजणी एकामागून एक मागच्या खिडकीतून अंगणात उतरल्या. भागीरथी सराईतपणं उडी मारून पहिली गेली आणि तिनं बाकीच्यांना हात दिला. कुसुम शेवटी राहिली. चौकटीवर चढून, पातळ सावरत, ती घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, बाई, मी आता वातायनात आहे. तेवढ्या घाईतही तिला तो शब्द सुचला याचा मला जो आनंद झाला तो मॅट्रिकच्या निकालालाही झाला नसेल.

खंत म्हणाल तर एक आहे. त्या मुलींना मी त्या नाटकातला शृंगार कधीच शिकवला नाही. एवढं सुंदर लिहिलेलं, आणि ते वाचायला मी त्यांना झुरळांच्या भरवशावर सोडलं. आज शिकवायला मिळालं तर अभिसारिकेचा खरा अर्थ सरळ सांगेन. चित्र मात्र तेच ठेवेन.

त्याच संध्याकाळी गिरणी सुटल्यावर नरसम्मा आपल्या आईला घेऊन आली. बाई ठेंगणी, चटपटीत, केसांत कापसाचे तंतू तसेच. दारातून मागचा कोपरा नीट दिसेना म्हणून आम्ही तिला अंगणातून खिडकीशी नेलं. ती चौकटीला धरून आत वाकून बघायला लागली. मग तिनं विचारलं, "ही म्या व्हय?" नरसम्मा व्हय म्हणाली. खाली काय लिहिलंय, असं तिनं विचारलं, कारण तिला कुठलीच अक्षरं येत नव्हती. नरसम्मानं शब्द वाचला आणि तेलुगूत त्याचा अर्थ सांगितला. तेलुगू मला कळत नाही, पण अर्थ कुठला ते माहीत होतं.

ती आधी हसली. मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, "पोरीनं खोटं लिवलंय बाई. भ्या वाटतंय की. रोज वाटतंय. पन भोंगा थांबतो व्हय कुनासाटी?"

 मी आयुष्यभर शब्दांचे अर्थ सांगत आले, त्या बाईनं माझ्या एका शब्दाचा अर्थ हसत हसत काढून घेतला आणि त्याच्या जागी ठेवायला माझ्याजवळ दुसरा नव्हता.

 नरसम्मा खिडकीतून आत उतरली, भिंतीला धरून कोपऱ्यात उकिडवी बसली. बोटानं तिनं आईच्या हातातला कंदील पुसला. मग पांढऱ्या रांगोळीची चिमूट घेऊन आईच्या शेजारी एक लहान मुलगी काढली, दोन वेण्यांची, आणि कंदील तिच्या हातात दिला. आई वरून बघत होती. ती तेलुगूत काहीतरी रागावून बोलली, आणि पदरानं डोळे पुसले.

सोमवारी सकाळी मी शाळेत आले तर फाटक अजून उघडायचं होतं आणि पायरीवर नरसम्मा बसली होती. शेजारी विझवलेला कंदील. एवढ्या लवकर कशी, म्हणून विचारलं तर म्हणाली, अम्माला गेटापर्यंत सोडून तशीच आले. मॅट्रिक होईपर्यंत ती रोज तशीच आली. शाळेत सगळ्यांच्या आधी येणारी मुलगी म्हणून तिला बक्षीस मिळालं, आणि ते देताना मोठ्या बाईंनी तिच्या अभ्यासूपणाबद्दल भाषण केलं.

त्या सोमवारी मल्लप्पा वर्ग उघडून झाडायला लागला. दारातला पहिला अंक गेला. सिंहासन, कुत्री, विदूषक, सगळे केरसुणीखाली गेले. मी आणि नरसम्मा दारात उभ्या होतो. झाडत झाडत तो मागच्या कोपऱ्याशी आला आणि थांबला. हा देव आहे की माणूस, हे त्यानं मला त्या दिवशी विचारलं नाही. त्यानं केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली, खाली बसला, आणि दोन्ही हातांनी रांगोळी गोळा करायला लागला.